पाच डबे, चार प्रार्थना

जाऊबाई पुटपुटतात हे अख्ख्या दवाखान्याला माहीत होतं. कोणी म्हणे मंत्र म्हणतात, कोणी म्हणे नवऱ्याला शिव्या देतात. शिव्या असत्या तर मला जास्त आवडलं असतं, कारण माझे मोठे दीर तसे शिव्या खाण्याजोगेच होते. पण जाऊबाई प्रार्थना करायच्या. प्रार्थना तरी केवढी, तर एका डब्याला एक ओळ.

डब्याचं आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई एकाच दवाखान्यात कामाला होतो. मी कपड्यांच्या खोलीत. ऑपरेशनला लागणारे झगे, चादरी, फडकी धुऊन आली की घड्या घालून पत्र्याच्या गोल डब्यांत भरायची. पलीकडे वाफेची खोली, तिथे जाऊबाई. तिथलं मशीन दिवसभर फुसफुसायचं, म्हणून आम्ही त्याला 'सासूबाई' म्हणायचो. घरच्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर त्याही फुसफुसल्या असत्या.

तर डब्याच्या अंगाला भोकांची रांग असते आणि भोकांवरून सरकणारी एक पट्टी. मशीनमध्ये ठेवताना पट्टी सरकवून भोकं उघडायची, म्हणजे वाफ आत शिरते आणि जंतू मरतात. डबा बाहेर आला की गरम असतानाच जाड फडक्याने धरून पट्टी परत सरकवायची, भोकं बंद. एवढंच काम. इतकं सोपं की हात आपोआप करतात आणि डोकं भलतीकडे फिरायला मोकळं.

डब्यावर बाहेरून चिकटपट्टी लावलेली असायची. वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटायच्या. रेघा दिसल्या की वर ऑपरेशनच्या खोलीत डबा उघडायचे. पण रेघा बाहेरच्या, हे ध्यानात ठेवा. भोकं बंद राहिलेला डबा मशीनमध्ये गेला तरी चिकटपट्टी काळी होणारच. बाहेरून न्हालेला, आतून पारोसा. आणि बघणाऱ्याला कळायचं नाही.

रोज सकाळी पाच डबे निघायचे. पहिल्याची पट्टी बंद करताना जाऊबाई म्हणायच्या, "प्रभू, जो टेबलावर झोपेल त्याची भीती काढ." दुसऱ्याला, "डॉक्टरांचा हात स्थिर ठेव." तिसऱ्याला, "बाहेर बाकावर बसलेल्यांना धीर दे." चौथ्याला, "सिस्टरांचे पाय दुखतात, ते बघ." आणि पाचव्याला, "फरशी पुसणाऱ्या मामांना विसरू नकोस."

त्यांच्या जोडीला खोलीत आणखी एक बाई होती. तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. कामाला वाघ, जिभेला त्याहून.

"अहो, तुमचा देव बहिरा आहे का? रोज तेच तेच काय सांगता त्याला?"

"तुझंही काही सांगायचं असलं तर सांग," जाऊबाई म्हणायच्या. "सहावा डबा काढू."

आता मीही ख्रिस्तीच. मीही दर रविवारी डोक्यावर पदर घेऊन उपासनेला जाते. पण खरं सांगायचं तर माझा देव रविवारी साडेदहाला सुटायचा. जाऊबाईंचा सोमवारी सकाळी सातला कामावर हजर. पाळकसाहेब उपदेशात म्हणायचे, विश्वासणाऱ्याने जगात मिठासारखं असावं, थोडंसंच, पण सगळ्या भांड्याला चव आणणारं. मी मनात म्हणायची, साहेब, आमच्या जाऊबाईंच्या हातची भाजी खाऊन बघा एकदा. घरातली सगळ्यात विश्वासू बाई, आणि मिठाला हात आखडता. माझा हात सैल. दोघींच्या भाज्या एकत्र केल्या की कुठे त्या खाण्याजोग्या व्हायच्या.

आणि एकत्र कराव्याच लागायच्या, कारण स्वयंपाकघर एकच. तीन खोल्यांत दोन भाऊ, दोन जावा, तीन पोरं आणि सासूबाई. एका ओट्यावर दोन शेगड्या, आणि शेगड्यांच्या मधे जी वीतभर जागा, तिच्यावरून आम्ही जेवढं भांडलो तेवढं दोन देश जमिनीवरून भांडले नसतील. "धाकटे, तुझं पातेलं माझ्या हद्दीत आलंय." "जाऊबाई, हद्दीवर खांब रोवा." असं रोजचं.

त्या वर्षी वाफेच्या खोलीच्या मुख्य बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी जाऊबाईच येणार हे सगळे धरून चालले होते. एकोणीस वर्षांत एक चूक नाही. आणि मुख्य बाईला दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांचं घर मिळायचं. स्वतंत्र नळ, स्वतंत्र स्वयंपाकघर. मोठे दीर तिथे पलंग कुठे ठेवायचा ते जमिनीवर खडूने आखून आले होते. आणि मी? मी आमच्या ओट्यावर दुसऱ्या शेगडीच्या जागी काय काय ठेवायचं ते मनात मांडून बसले होते. निकाल शुक्रवारी लागणार होता.

मंगळवारी सकाळी जाऊबाई डबे मशीनमध्ये चढवत होत्या. चार चढवले, पाचवा हातात घेतला, तेवढ्यात एक नवी नर्स रडत दारात आली. कोवळी पोर. तापमापक फोडला होता, आणि तिच्या सिस्टर म्हणजे जमदग्नी.

"मावशी, मी तुकडे लपवू का? कुणी बघितलं नाही."

जाऊबाईंनी डबा आत ठेवला, तिचे डोळे पुसले. "लपवलंस तर आज वाचशील आणि रोज घाबरशील. जा, सांगून टाक. ओरडतील. ओरडण्याने कुणी मरत नाही."

पोर गेली. जाऊबाईंनी मशीनचं दार लावलं.

तासाभराने डबे निघाले, पट्ट्या सरकल्या, डबे वर गेले. आम्ही तिघी चहाला बसलो. तेवढ्यात ती नर्स परत आली, नाक लाल, पण तोंडावर हसू.

"सांगितलं, मावशी. लई ओरडल्या. पण मेले नाही!"

चष्मेवाली फिस्सकन हसली. मीही हसले. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा कप ओठापाशीच थांबला. डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा फिरत होता. एक, दोन, तीन, चार. परत एक, दोन, तीन, चार.

"काय झालं?" मी विचारलं.

"मामांचं राहिलं."

"कुठल्या मामांचं?"

"फरशीवाल्या मामांचं. आज मी चारच वेळा म्हटलं." कप खाली ठेवताना तो बशीवर वाजला. "धाकटे, चारच पट्ट्या मी बंद केल्या. पाचवी आधीच बंद होती. मी समजले झाली असेल, म्हणून हात पुढे गेला. ती मी उघडलीच नव्हती गं."

चष्मेवाली म्हणाली, "काहीतरीच! विसरला असाल पुटपुटायला."

"एकोणीस वर्षांत पट्टी एखाद वेळी विसरले असेन. मामांना नाही."

त्या उठल्या. मी हात धरला. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांपुढे आधी टेबलावरचा माणूस आला नाही, आधी माझा मोकळा ओटा आला. मी हळूच म्हटलं, "जाऊबाई, खात्री नाही तर कशाला? शुक्रवार तीन दिवसांवर आलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जिन्याला निघाल्या. गुडघे दुखणारी बाई, तरी मी मागे राहिले. वर ऑपरेशनच्या खोलीबाहेर जमिनीवर लाल रेघ असते, तिच्यापुढे बाहेरच्या चपला न्यायच्या नाहीत. एवढ्या घाईतही जाऊबाई रेघेच्या अलीकडे थांबल्या आणि तिथूनच ओरडल्या, "साहेब, डबा उघडू नका!"

आत टेबलावर एक गवंडी झोपला होता, हर्नियाचं ऑपरेशन. अजून भूल दिली नव्हती. मोठे सर्जन हात धुऊन उभे. त्यांना सगळे मागे वाघोबा म्हणायचे. देव-बीव काही न मानणारा माणूस, आणि वेळ चुकली की डरकाळी.

"काय आहे?"

"पाचांतल्या एका डब्यात वाफ गेलेली नाही. माझी चूक."

"कोणत्या?"

"ते माहीत नाही."

"चिकटपट्टी?"

"पाचांवरही काळी असणार. ती बाहेरून काळी होते, साहेब."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

जाऊबाईंनी सांगितलं. मामांसकट. कोपऱ्यात फडकं घेऊन मामा उभेच होते. त्यांनी मान खाली घातली, जणू त्यांचाच गुन्हा. नर्सांनी पटकन तोंडं फिरवली. हसू दाबत होत्या बिचाऱ्या.

वाघोबा म्हणाले, "म्हणजे बाई, तुम्ही प्रार्थना मोजून माझं ऑपरेशन थांबवताय?"

"मोजते डबेच, साहेब. प्रार्थना म्हणजे पदराला मारलेली गाठ. गाठ नाही, म्हणजे काम राहिलं."

त्यांनी पाचही डब्यांवर एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "या शुक्रवारी तुमचं नाव आहे ना मुख्य बाईसाठी?"

"आहे."

"हं." त्यांनी तोंडावरचं फडकं ओढून काढलं. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला कोणी खोटं बोलत नाही. पाचही डबे खाली न्या."

टेबलावरचा गवंडी मान उचलून म्हणाला, "साहेब, मग मी तेवढ्यात दोन घास खाऊ का?"

"नाही!" वाघोबांनी डरकाळी फोडली, आणि मग सगळ्यांनाच हसायला मोकळीक मिळाली.

खाली आम्ही डबे उघडले. आता यात माझा एक बारीकसा वाटा आहे, तो सांगते. कपड्यांच्या खोलीत घड्या घालणाऱ्या आम्ही तिघीजणी, पण त्या दिवशीचे पाचही डबे माझ्याच हातचे. कुणाच्या घडीत फाटकं निघालं तर कळावं म्हणून प्रत्येकीने डब्यात आपली चिठ्ठी टाकायची. मला लिहायला फार येत नाही. मी एक गोल काढून मधे टिंब द्यायची, कॉपिंग पेन्सिलीने. ही पेन्सिल कोरडी असेतो करडी दिसते, ओल लागली की जांभळी होऊन पसरते. माझ्या चिठ्ठ्यांचे जांभळे डाग झग्यांना लागतात म्हणून चष्मेवालीने माझी दोनदा तक्रारही केली होती.

पहिला डबा उघडला, माझी चिठ्ठी जांभळी. दुसरा, जांभळी. तिसऱ्यात माझा गोल आणि माझं टिंब जसंच्या तसं, करडं, कोरडं, सकाळी काढलं तसं. आम्ही तिघी त्या चिठ्ठीकडे बघत राहिलो. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं.

डबे पुन्हा वाफेत गेले. जाऊबाईंनी पाचही पट्ट्या बंद केल्या आणि मामांचं नाव या खेपेला जरा मोठ्यानेच घेतलं. दुपारी गवंड्याचं ऑपरेशन झालं, आठवड्याने तो आपल्या पायांनी घरी गेला.

गोष्ट इथे संपली असती तर मला मोकळा ओटा मिळाला असता.

बुधवारी मेट्रनबाईंनी जाऊबाईंना बोलावलं. चांगल्या बाई होत्या. म्हणाल्या, "कुणाला इजा झालेली नाही. डॉक्टर तक्रार करणार नाहीत. तुम्ही लेखी काही देऊ नका. लेखी आलं की फाइलला लागतं, आणि फाइलला चूक लागली की त्या वर्षी बढती नाही, असा नियम आहे. तुम्ही घरी जा, विचार करा."

घरी रात्रीच्या जेवणाला पंचायत बसली. मोठे दीर म्हणाले, "तुला ते घर नको असेल तर सरळ सांग."

आमचे हे म्हणाले, "वहिनी, गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

मी तर पदर खोचूनच उभी होते. "चूक सांगितलीत, माणूस वाचला, देवाचं देणं फिटलं. आता कागदावर नाही आलं तर कुणाचं काय बिघडतं?"

जाऊबाईंनी ताटातला घास ठेवला. "धाकटे, तुझी चिठ्ठी आहे ना, ती मी मेट्रनबाईंना दाखवली. म्हटलं, प्रत्येक डब्यात मधोमध अशी चिठ्ठी टाका, वर डबा उघडला की आधी ती बघा, जांभळी नसेल तर परत पाठवा. त्या म्हणाल्या, छान आहे, पण लेखी चूक नसेल तर नियम कशावरून करू? चूक झालीच नाही तर औषध कशाला?"

"मग?"

"मग मी लिहिलं नाही तर नियम होणार नाही. मला पुटपुटायची सवय होती म्हणून कळलं. उद्या दुसरी कुणी असेल, तिला ही सवय नसेल. तिला कशाने कळायचं?"

सासूबाई एवढा वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "लिही बाई, लिही. तू तिकडे गेलीस तर या धाकटीच्या हातचं खारट मला एकटीला खावं लागेल."

गुरुवारी जाऊबाईंनी लिहून दिलं. शुक्रवारी चष्मेवाली मुख्य बाई झाली. घर तिला मिळालं. मोठ्या दिरांनी आखलेल्या खडूच्या रेघांवर तिने आपला पलंग ठेवला, बरोब्बर बसला म्हणे. मोठे दीर महिनाभर बायकोशी धड बोलले नाहीत. मग एके दिवशी आपणहून घरातला पलंग सरकवून तिच्या शिलाईच्या मशीनला जागा करून दिली. तेवढीच माफी. आमच्या घरात पुरुष माफी बोलत नाहीत, सामान सरकवतात.

सोमवारी नियमाचा कागद आला. प्रत्येक डब्यात चिठ्ठी. माझा गोल आणि माझं टिंब!

आणि वाघोबांनी तोंडी आणखी एक हुकूम सोडला. "पट्टी बंद करताना कुणी मुकं राहायचं नाही. प्रत्येक डब्याला काहीतरी मोठ्याने म्हणा. काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही बघा."

नव्या मुख्य बाईची, म्हणजे चष्मेवालीची, पंचाईत झाली. पहिल्याच दिवशी जाऊबाईंना म्हणाली, "हे बघा, मी तुमच्या देवाचं नाव घेणार नाही. आधीच सांगते."

"घेऊ नकोस. मामांचं घे. त्यांना चालेल."

तिने खरंच मामांचं घेतलं. पुढे खोलीत दोन नव्या बायका आल्या. एक आपल्या देवाचं नाव घ्यायची. दुसरी कशालाच मानत नव्हती, ती नुसतं "एक, बरा हो. दोन, बरा हो," असं ठसक्यात म्हणायची, जणू रोग्याला दम देतेय. जाऊबाईंनी कुणाला कधी, असं म्हणा, तसं म्हणा, सांगितलं नाही. पाळकसाहेबांनी त्यांना रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, उभं केलं तर म्हणाल्या, "डबा बंद राहिला होता. सांगितला. सगळे फार चांगले वागले," आणि खाली बसल्या. पाळकसाहेबांनी अर्धा तास राखून ठेवला होता. मग आम्ही दोन गाणी जास्त म्हटली.

दवाखान्याचा स्वर्ग झाला असं मात्र समजू नका. टॉवेल चोरीला जातच राहिले. वाघोबा ओरडतच राहिले. पण एक फरक मी डोळ्यांनी बघितला. वाफेच्या खोलीच्या दाराशी माणसं यायला लागली. कुणाची बाटली फुटलेली, कुणी औषधाची वेळ चुकवलेली. आधी जाऊबाईंना सांगायचे, मग धीर धरून वर जायचे. ती तापमापकवाली पोर पुढे स्वतः सिस्टर झाली. तिच्या वॉर्डात काही फुटलं तर आधी विचारायची, "लागलं का तुला?" ओरडायची नंतर. ओरडायची मात्र.

आणि चष्मेवाली! मुख्य बाई झाल्यावर सहा महिन्यांनी एक डबा तिच्या हातून घसरून उघडला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिने स्वतः तो परत मशीनमध्ये ठेवला, वर जाऊन लाल रेघेच्या अलीकडून ओरडली, "साहेब, एक तास उशीर, माझी चूक!" खाली येऊन जाऊबाईंना म्हणाली, "तुमच्यामुळे माझी सवय बिघडली." जाऊबाई म्हणाल्या, "चहा ठेव."

या सगळ्याला आता खूप वर्षं झाली. सासूबाई गेल्या, दीर गेले, आमचे हे गेले. पोरं आपापल्या घरी. मला मोकळा ओटा काही मिळाला नाही. त्या दोन शेगड्या अजून तिथेच आहेत, मधली वीतभर जागाही, आणि जाऊबाई शहाऐंशीच्या झाल्या तरी माझं पातेलं हद्दीत आलं की सरकवतात. आणि मला आता कळतं, की ते घर त्यांना मिळालं असतं तर मी मोकळ्या ओट्यावर आयुष्यभर खारट भाजी करत बसले असते, आणि चव बघायला, नाक मुरडायला कोणी नसतं.

मागच्या वर्षी माझ्या पित्ताशयात खडे झाले. त्याच दवाखान्यात ऑपरेशन. आता तिथे ओळखीचं कोणी नाही. ढकलगाडीवरून मला नेत होते, छतावरचे दिवे सरकत होते, आणि खरं सांगते, मी घाबरले होते. वाफेची खोली आता वर आणलीय. तिच्या दारापाशी गाडी जरा थांबली. आत कुणीतरी तरुण पोरगी डबे बंद करत होती. कोण, कुठली, कुठल्या देवाची, मला माहीत नाही. पत्र्यावर पत्रा सरकल्याचा आवाज यायचा आणि मागोमाग तिचा, "जो झोपेल त्याची भीती जाऊ दे." परत आवाज. "डॉक्टरांचा हात नीट चालू दे." परत आवाज. "बाकावरच्यांना धीर."

मामा तर केव्हाच वारले, पण त्या खोलीत ते अजून नोकरीवर असणार, अशी माझी खात्री पटली. तेवढ्यात गाडी हलली.

जाऊबाई बाहेर बाकावरच बसल्या होत्या. घरी आल्यावर मी त्यांच्या कानाशी जाऊन, कारण आता त्यांना कमी ऐकू येतं, सगळं सांगितलं. वाटलं, आता या रडतील, मग मी रडेन, दोघी मिळून रडू.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "डबे किती होते?"

"पाच असतील."

"असतील? आणि ती म्हणाली किती वेळा?"

"तीन ऐकले. मग मला आत नेलं."

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या, अगदी तशा, माझं पातेलं हद्दीत आल्यावर बघतात तशा.

"थांबायला सांगायचं होतंस, धाकटे," त्या म्हणाल्या. "मोजून घ्यायचं होतंस."